मागच्या दाराची नोकरी



मे महिन्यातल्या एका रविवारी, असरच्या नमाजनंतर, एक भाभी आमच्या घरी आल्या. हातात कापडी पिशवी आणि पिशवीत प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवलेले दोन कागद. त्यांचा मुलगा आमचा जुना विद्यार्थी. पूर्वी ही मंडळी येरवड्याला, आमच्या शाळेपासून हाकेच्या अंतरावर राहत. भाडे परवडेना म्हणून वाघोलीला आली. आम्हीही त्याच कारणाने त्यांच्या आधी दोन वर्षे इकडे आलो होतो. चहा पुढे केला, पण भाभींनी कपाला हात लावला नाही. फोल्डर आमच्याकडे सरकवून म्हणाल्या, "सर, सगळं इंग्रजीत आहे. तेवढं वाचून सांगा, यात माझ्या पोराला चोर म्हटलंय का?"

एक कागद पगाराची स्लिप होती, दुसरे पत्र. मुलगा नगर रस्त्यावरच्या एका मोठ्या दुकानात दीड वर्षापासून कामाला आहे. तूरडाळीपासून शर्टापर्यंत सगळे एका छपराखाली मिळते, तसले दुकान. पण गिऱ्हाइकाला दिसतो त्या भागात त्याचे काम नाही. तो मागे, स्टॉक रूममध्ये असतो. 31 मार्चला वर्षअखेरची मोजणी झाली, तेव्हा एका शाम्पूच्या 120 बाटल्या कमी भरल्या. बाटली 185 रुपयांची, म्हणजे एकूण 22,200 रुपये. स्टॉक रूममध्ये माणसे अकरा. रक्कम अकरा जणांत सारखी वाटली आणि एप्रिलच्या पगारातून प्रत्येकाचे 2,018 रुपये कापले. पत्राच्या तळाशी सहीसाठी जागा होती आणि तिच्यावर एक ओळ, की ही कपात मला मान्य आहे. मुलाने सही केलेली नव्हती.

चोर हा शब्द पत्रात कुठेही नव्हता. आम्ही तसे भाभींना सांगितले. त्या म्हणाल्या, "लिहिलं नसेल सर. पण पैसे कापले म्हणजे म्हटलंच की."

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

घरात दोन मते पडली होती. मुलाचे अब्बा म्हणत, नोकरी सोड, इज्जत राख. भाभींचे म्हणणे उलटे. आता सोडली तर केल्याची कबुली दिल्यासारखे होईल. आणखी एक भीती होती, जी आपल्या घरांत सहसा मोठ्याने बोलली जात नाही. काही हरवले की आपल्या पोराचे नाव आधी घेतले जाईल, ही ती भीती. मुलगा मात्र पुढच्या रविवारी भेटला तेव्हा शांत होता. म्हणाला, "सर, कापले ते अकराही जणांचे. त्यात आपले दोनच. बाकीच्यांच्या घरीही हाच तमाशा चालू आहे."

इथे आम्हाला आमचीच एक गोष्ट कबूल केली पाहिजे. वीस वर्षांच्या शिक्षकीत आम्ही एक वाक्य वर्गात पुष्कळदा वापरले आहे: "अभ्यास केला नाहीस तर खोकी उचलशील." या मुलालाही ते नववीत ऐकवल्याचे आम्हाला आठवते. त्यालाही आठवत असणार, पण तो तसे बोलला नाही. त्याने खोकी कशी उचलतात ते सांगितले. कमरेतून वाकायचे नाही, गुडघ्यातून बसायचे, खोके छातीशी धरायचे आणि उठताना कंबर पिळायची नाही. मग तास-दीड तास तो बोलत राहिला आणि आम्ही ऐकत राहिलो.

पहाटे मालाचा ट्रक मागच्या दाराला लागतो. आधी दरवाजाच्या सीलचा नंबर चलानावरच्या नंबराशी ताडून पाहायचा, मगच सील तोडायचे. माल उतरताना खोकी मोजायची, फुटलेली, भिजलेली बाजूला काढायची आणि प्रत्येक खोके स्कॅन करून आत घ्यायचे. आत घेतलेला माल रॅकवर लावण्याचेही नियम आहेत. जड माल खाली, हलका वर. आधी आलेला माल पुढे, नवा मागे. खाण्याच्या वस्तूंत तर आलेली तारीख नव्हे, संपायची तारीख बघायची. ज्याची मुदत आधी संपते ते आधी बाहेर. मुदत जवळ आलेल्या मालाची यादी वेगळी, पुरवठादाराकडे परत जाणाऱ्याची वेगळी, फुटक्याची वेगळी. दुकानात फळी रिकामी दिसली की बाहेरून हाक येते आणि ट्रॉली भरून न्यावी लागते. घरबसल्या मागवलेल्या मालाच्या पिशव्याही हल्ली तिथेच भरल्या जातात. रमजान ईद आणि दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस तर पाठ टेकायला वेळ नसतो. इफ्तार खिशातल्या दोन खजुरांवर, रॅकच्या आडोशाला. जुम्म्याचे मात्र जमले आहे. एक सहकारी शुक्रवारी दुपारी त्याची जागा सांभाळतो, हा त्याच्या बदल्यात रविवारी सकाळी लवकर येतो. हे कुणी वरून ठरवून दिलेले नाही, दोघांनी आपसांत ठरवले आहे.

मुलाने बारकोडचेही बोलून दाखवले. गणिताचा तास आम्हीही घेतो, त्यामुळे आमचे कान टवकारले. आपल्याकडच्या बहुतेक वस्तूंवर 13 आकडी बारकोड असतो. सुरुवातीचे 890 म्हणजे तो क्रमांक भारतात नोंदवलेला आहे. वस्तू भारतातच तयार झाली असा त्याचा अर्थ होत नाही. शेवटचा तेरावा आकडा पहिल्या बारांवरून काढतात. समजा, पहिले बारा आकडे 890123456788 आहेत. पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक आकडे मिळवले तर 28 होतात. उरलेल्यांची बेरीज 33, तिला तिनाने गुणले की 99. दोन्ही मिळून 127. पुढचा पूर्ण दशक 130, त्याला तीन कमी, म्हणून तेरावा आकडा 3. घरातल्या कुठल्याही बिस्किटाच्या पुड्यावर मुलांकडून हे करून घ्या, आमच्या वर्गात अर्धा तास सहज जातो. दुकानात बारकोड पहिल्यांदा स्कॅन झाला तो 26 जून 1974 रोजी, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी, च्युइंगमच्या पाकिटावर.

आता मुद्दा असा, की आकडा चुकीचा वाचला गेला तर हा तेरावा पहारेकरी ते ओळखतो. पण एकच खोके चुकून दोनदा स्कॅन केले, तर दोन्ही वेळा आकडा बरोबरच असतो. संगणक म्हणतो दोन खोकी आली. रॅकवर असते एकच. वर्षअखेरीला एक खोके "गायब" होते आणि ते कुणीही नेलेले नसते. गिऱ्हाइकाने दोन वासांचे दोन साबण घेतले आणि घाईत काउंटरवरच्याने एकच साबण दोनदा स्कॅन केला, तर एक वास कमी भरतो, दुसरा जास्त. फुटलेली बाटली नोंद न करता फेकली, तीही कमी. पुरवठादाराने बंद खोक्यातच दोन नग कमी घातले, तेही कमी. खरी चोरीही होते, गिऱ्हाईकही करते, आतला माणूसही करतो, नाही असे नाही. पण 'शॉर्टेज' या एका शब्दात हे सगळे कोंबले की बोट दाखवायला सोपे जाते ते मागच्या खोलीकडेच.

शाम्पूचे काय झाले असेल, असे आम्ही विचारले. त्याने पिशवीतून दोनशे पानी वही काढली.

वही पाहून आम्ही चाट पडलो. हा मुलगा आमच्या शाळेत वही पूर्ण करण्याबद्दल प्रसिद्ध नव्हता. पण इथे पहिल्या दिवसापासूनची नोंद होती: तारीख, ट्रकच्या सीलचा नंबर, खोकी किती, एका खोक्यात नग किती, फुटके किती. वस्तूंची नावे उर्दूत, उजवीकडून डावीकडे, आकडे इंग्रजी. स्टॉक रूममध्ये मोबाइल न्यायला बंदी, म्हणून फोटो नाहीत. ही सवय कुणी लावली, असे विचारले तर म्हणाला, "अब्बांनी. ते हातगाडीवर फळं विकायचे तेव्हा उधारी लिहून ठेवायचे." आपल्यात बागवान, अत्तार, तांबोळी, मणियार ही आडनावेच मुळी धंद्याची आहेत. लिहून ठेवण्याचा वारसाही त्याहून जुना आहे. कुरआन शरीफमधली सर्वांत लांब आयत, सूरह बकरातली 282वी, देण्याघेण्याची लिखापढी करण्याबद्दलच आहे, हे वाचकांना माहीत असेलच. आम्ही ती कित्येकदा वाचली आहे, पण तिचा विचार करताना हातगाडीवरची उधारीची वही कधी डोळ्यांपुढे आली नव्हती.

त्या वहीत उत्तर होते. त्या शाम्पूच्या एका खोक्यात पूर्वी 48 बाटल्या येत. डिसेंबरपासून कंपनीने खोके लहान केले, आता 36 येतात. खोक्यावर तसे छापलेले होते आणि मुलाने ते लिहून घेतले होते. दुकानाच्या संगणकात मात्र एका खोक्याला 48 हाच आकडा राहिला. तेव्हापासून आलेली खोकी दहा. संगणकाने धरल्या 480, प्रत्यक्षात आल्या 360. फरक 120. ज्या बाटल्या ट्रकमध्ये कधी चढल्याच नाहीत, त्यांचे पैसे अकरा जणांनी भरले.

भाभींना हे सांगितले तेव्हा त्यांना बारा गुणिले दहा समजावण्याची गरज पडली नाही. त्यांनी फक्त विचारले, "मग हे त्यांना कोण सांगणार?"

सांगायचे कुणाला, हाही प्रश्न होताच. स्लिप नीट वाचली तर वर दुकानाचे नाव नव्हतेच, एका एजन्सीचे होते. मुलगा दुकानात काम करतो, पण कागदोपत्री नोकर एजन्सीचा. वाघोली, लोणीकंद, खराडी या पट्ट्यात आपली शेकडो मुले-मुली अशी कामाला असतील. त्यांच्या घरच्यांना आमची विनंती आहे की महिन्याची स्लिप पगाराच्या आकड्यावर नजर टाकून घडी घालू नका. पगार देणारा कोण, ते पाहा. भविष्य निर्वाह निधीचे 12 टक्के कापले असतील तर मुलाचा यूएएन क्रमांक आहे का आणि पासबुकात ते पैसे खरोखर जमा होतात का, ते पाहा. पासबुक मोबाइलवर दिसते. पगार 21,000 पर्यंत असेल तर ईएसआयचे 0.75 टक्के कापले जातात. मग त्या कार्डावर घरच्यांचीही नावे घालून घ्या, अब्बांच्या गुडघ्यांचे औषधपाणीही त्यात बसू शकते. या मुलाच्या घरी दीड वर्ष ते पैसे कापले जात होते आणि अब्बा खासगी दवाखान्यात पैसे मोजत होते.

आता कपातीबद्दल. 1936 च्या वेतन प्रदान कायद्यात हे लिहिलेले होते आणि 2019 च्या वेतन संहितेतही आहे, की मालाच्या नुकसानीपोटी पगार कापायचा असेल तर तो माल त्या माणसाच्या ताब्यात स्पष्टपणे सोपवलेला असला पाहिजे आणि नुकसान थेट त्याच्याच हलगर्जीपणाने झालेले असले पाहिजे. शिवाय कापण्याआधी त्याला आपली बाजू मांडायची संधी दिली पाहिजे. 'ताब्यात सोपवलेला माल' म्हणजे आपल्या भाषेत अमानत. अमानत ज्याच्याकडे असते त्याला जाब विचारता येतो, हे रास्तच आहे. पण अकरा जणांत भागाकार करून वाटलेली रक्कम कुणाच्या अमानतीची?

मग अर्ज लिहायचे ठरले. वाचकहो, अर्जलेखन हा मराठीच्या पेपरातला प्रश्न. हा मुलगा तो नेहमी सोडून देत असे. त्या संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलावर त्याने स्वतः अर्ज लिहिला, आम्ही फक्त वेलांट्या दुरुस्त केल्या. रागाची दोन वाक्ये होती, ती त्यानेच खोडली. उरले तीन प्रश्न: कोणत्या तारखेला आलेला माल कमी भरला? तो कोणाच्या ताब्यात होता? एका खोक्यात किती बाटल्या धरून हिशेब केला? सोबत वहीतल्या दहा नोंदींची नक्कल. एक प्रत दुकानाच्या व्यवस्थापकाला, एक एजन्सीला, आणि तिसरीवर पोच घ्यायची, तारीख आणि शिक्क्यासह. पोच घ्यायची असते, हे शिकवायचे आमच्याकडून वर्गात राहूनच गेले होते. अकरापैकी आठ जणांनी सह्या केल्या. तिघे घाबरले, त्यांना दोष देता येत नाही.

उत्तर यायला वेळ लागणार होता. मधल्या काळात आम्ही एकदा मुलाला कामावरून आणायला गेलो, नेहमीच्या दाराने नव्हे, मागच्या बाजूने. वाघोलीतली ही गोदामांची वस्ती जुनी आहे. तिचे एक कारण जकात. महापालिकेच्या हद्दीत माल आणायचा तर जकात भरावी लागे आणि वाघोली तेव्हा ग्रामपंचायत होती, हद्दीबाहेर. व्यापारी माल इथे उतरवून ठेवत आणि लागेल तसा शहरात नेत. दगडखाणींचे हे गाव असे गोदामांचेही झाले. शब्दाची गंमत पाहा, आपली जकात आणि नाक्यावरची जकात मुळात एकच शब्द. एक द्यायला लोक याद्या करून बसतात आणि दुसरी चुकवायला गावाबाहेर गोदामे बांधतात. पुण्यातली जकात एप्रिल 2013 मध्ये गेली, जून 2021 मध्ये वाघोली महापालिकेत आली, पण गोदामे राहिली. आता त्यांच्या जोडीला मोठी दुकाने आली आहेत.

मागच्या दारापाशी आम्हाला जे दिसले ते आवडले नाही. बाहेर पडायच्या वाटेवर छातीभर उंचीची खोकी रचलेली होती. 2023 च्या मे महिन्यात इथल्याच उबाळेनगरात सजावटीच्या सामानाच्या एका गोदामाला रात्री आग लागली आणि तीन कामगार गेले. तो धूर वाघोलीत राहणारे कुणी विसरलेले नाही. मुलगा-मुलगी अशा ठिकाणी कामाला असेल, तर आज काय जेवलास याबरोबर, मागचे दार आतून उघडते का, हेही विचारत चला. आम्ही तिथल्या पहारेकऱ्याला खोक्यांबद्दल बोललो. "रोज सांगतो साहेब," एवढेच तो म्हणाला.

मुलगा बाहेर आला तो पाय ओढत. नऊ तासांत अर्ध्या तासाच्या सुटीखेरीज बसणे नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला नऊ तास आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती ठरली होती. जादा कामाला दुप्पट मोबदला. सप्टेंबर 2025 मध्ये नऊचे दहा तास करायला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. केरळात मात्र कोळिकोडच्या कापड दुकानांतल्या बायकांनी पी. विजी नावाच्या शिंपीण बाईंच्या पुढाकाराने काही वर्षे लढा दिला. आधी स्वच्छतागृहासाठी, मग कामावर बसायला मिळावे यासाठी. 2018 मध्ये केरळने तसा कायदा केला, 2021 मध्ये तमिळनाडूनेही. दुकानात स्टूल ठेवण्यासाठी कायदा लागावा, याचे आम्हाला नवल वाटले. मुलाला वाटले नाही. त्याने एवढेच विचारले, "ते स्टूल स्टॉक रूममध्येही मिळतं का, सर?"

जूनच्या मध्यावर दुकानाने पुरवठादाराची बिले काढून पाहिली. प्रत्येक बिलावर 36 लिहिलेले होते. संगणकातला आकडा बदलला गेला. माफीबिफी कुणी मागितली नाही. जुलैच्या स्लिपमध्ये एक नवी ओळ आली आणि त्या ओळीत 2,018 रुपये परत जमा झाले. भाभी ती स्लिप घेऊन आल्या. या वेळी त्यांनी चहा घेतला आणि सांगितले की मुलाला आता माल आत घेण्याच्या नोंदींवर बसवले आहे. पगार तोच आहे.

पैसे नऊ जणांना मिळाले. दोघे मधल्या काळात काम सोडून गेले होते आणि गेलेल्यांचा हिशेब एजन्सीने बंद केला, असे सांगण्यात आले. त्यातला एक, डिसेंबरात ती खोकी स्कॅन करून आत घेणारा. मोजणीनंतर सगळ्यात जास्त कुजबुज त्याच्याबद्दल झाली होती. तो नांदेडकडच्या आपल्या गावी गेला असे म्हणतात. फोन लागत नाही. आमच्या विद्यार्थ्याने त्याच्या नावाचा दुसरा अर्ज एजन्सीला दिला आहे, पोच घेऊन. वहीच्या शेवटच्या पानावर त्याचे नाव आणि पुढे 2,018 हा आकडा लिहिलेला आम्ही परवाच पाहिला.